टाकी शेवटची कधी तपासली?

प्रति,
मा. मुख्य विस्फोटक नियंत्रक,
पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना,
सेमिनरी हिल्स, नागपूर.

महोदय,


देशात कुठेही पेट्रोल पंप सुरू करायचा, तर आपल्या खात्याचा परवाना लागतो. जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला आला, नकाशा मंजूर झाला, टाक्या जमिनीत बसल्या, तरी तो परवाना हाती येईपर्यंत पेट्रोलचा एक थेंब विकता येत नाही. पंपचालक त्याला ‘एक्स्प्लोझिव्ह लायसन्स’ म्हणतात आणि जिवापाड जपतात. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम यांनी आपल्याला एवढा मोठा अधिकार दिला आहे. त्याच अधिकाराला धरून मी एक मागणी करतो आहे.

पंपाखालची टाकी शेवटची कधी तपासली, कोणी तपासली, तपासणीत काय आढळले आणि पुढची तपासणी केव्हा, हे त्या पंपाशेजारी राहणाऱ्या कुणालाही विनासायास पाहता आले पाहिजे. डेपोतल्या मोठ्या टाक्यांनाही हाच नियम लागू व्हावा.

मी मनमाडचा. गावाशेजारी पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून निघणारे टँकर नाशिक, खानदेश, मराठवाड्याकडे जाताना पाहत आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. मी स्वतः बरीच वर्षे एका पंपावर व्यवस्थापक होतो. म्हणून टाकी आतून कशी असते, तिचा हिशेब कसा लागतो आणि कुठे चुकतो, हे मला ठाऊक आहे.

पंपावरचा दिवस डिपने सुरू होतो. विक्री चालू करण्याआधी टाकीचे झाकण उघडायचे, डिप रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट लावायची, रॉड सरळ तळापर्यंत सोडायचा आणि वर काढून ओली खूण कुठवर आली ते वाचायचे. पेस्टचा रंग बदलला, तर तळाशी पाणी आहे असे समजायचे. मग तक्ता उघडून सेंटिमीटरचे लिटर करायचे. कालच्या साठ्यात आलेला टँकर मिळवायचा, विक्री वजा करायची आणि ताळा लागतो का ते बघायचे.

हा ताळा किती बारीक बघू शकतो? २० किलोलिटरची आडवी टाकी साधारण दोन मीटर व्यासाची आणि सहा-साडेसहा मीटर लांबीची असते. ती निम्मी भरलेली असताना रॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२-१३ लिटर. रॉड वाचताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होणे हे रोजचेच. त्यात पेट्रोल उडून जाते, तापमानाप्रमाणे त्याचे आकारमान बदलते. ही सगळी तफावत वहीत ‘घट’ या एकाच रकान्यात जाते. टाकीचा तळ गंजून सुईएवढे भोक पडले आणि रोज दहा लिटर जमिनीत मुरू लागले, तर तेही याच रकान्यात जाऊन बसते. वर्षाचे ते ३,६५० लिटर होतात. वही मात्र स्वच्छ दिसते.

आता अनेक पंपांवर टाकीत स्वयंचलित मापक बसले आहेत. त्यामुळे अचूकता वाढली, हे खरे. पण त्या मापकाचे आकडे कंपनीच्या संगणकात जातात. शेजारच्या विहिरीच्या मालकापर्यंत ते येत नाहीत.

त्या मालकाची बाजूही सांगतो. आमच्या भागात एका पंपामागच्या वस्तीत बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. आधी लोकांना वाटले, पाइप नवा आहे म्हणून असेल. मग भांड्यात काढून ठेवलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसू लागला. घरातल्या बायका सांगत, पाणी तापवले की वास जास्तच चढतो. लोक ग्रामपंचायतीत गेले, तलाठ्याकडे गेले, तहसीलला अर्ज दिला. प्रत्येकाने पुढचे दार दाखवले. पंपावर विचारले, तर टाक्या कंपनीच्या आहेत, कंपनीला विचारा असे उत्तर मिळाले. त्या वस्तीत आपल्या खात्याचे नाव कुणी ऐकलेले नव्हते. शेवटी लोकांनी ते पाणी प्यायचे सोडले आणि दुसरीकडून हंडे आणू लागले. गळती टाकीची होती की नाही, हे त्यांना आजतागायत कळलेले नाही. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि बेंझिनने कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. अशा पाण्याबद्दल ‘कळले नाही’ हे उत्तर चालवून घेता येणार नाही.

कायद्यात इथे एक मोठी फट आहे. पेट्रोलियम कायद्याच्या २७ व्या कलमानुसार अपघाताची खबर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना आणि आपल्याला ताबडतोब द्यावी लागते. पण तो अपघात म्हणजे आग किंवा स्फोट, आणि त्यातून झालेली जीवितहानी, गंभीर इजा किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान. जी टाकी पेट न घेता गुपचूप जमिनीत झिरपते, ती या कलमात बसत नाही. १९३४ साली ते समजण्यासारखे होते. तेव्हा पंप मोजके होते आणि भूजलाचा विचार कुणी केलेला नव्हता. आज देशातल्या पंपांची संख्या एक लाखाच्या घरात गेली आहे आणि गावोगावी लोक बोअरचे पाणी पितात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नवा पंप शाळा, रुग्णालय आणि वस्तीपासून ५० मीटर दूर असावा, अडचण असेल तर आपल्या खात्याने सांगितलेले जादा सुरक्षा उपाय करावेत, पण कुठल्याही परिस्थितीत ३० मीटरच्या आत येऊ नये, असे त्यांत आहे. ही चांगली सुरुवात झाली. पण त्याआधी उभे राहिलेले हजारो पंप वस्तीला खेटून आहेत आणि त्यांच्या टाक्यांचे वय दरवर्षी वाढतेच आहे.

पावसाळ्यात हीच टाकी उलट दिशेने त्रास देते. झाकणाची सील ढिली असेल, जोड सैल असेल, तर पाणी आत शिरते. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघाले, पंपाला सील लागले आणि पावसाचे पाणी टाकीत शिरल्याचे कारण पुढे आले. कारवाई वेगाने झाली, ते योग्यच झाले. हाच वेग रिक्षावाल्याच्या, दूधवाल्याच्या, ट्रॅक्टरवाल्याच्या तक्रारीलाही मिळाला पाहिजे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. पूर्वी तळाशी बोटभर पाणी दिसले तर काढून टाकून काम भागत असे. आता तेवढ्याने संपूर्ण साठा बिघडू शकतो. इंधन बदलले म्हणजे टाकीच्या तपासणीचा काटेकोरपणाही बदलायला हवा.

डेपोतल्या टाक्यांबद्दल बोलायचे, तर जयपूरला टाळून पुढे जाता येत नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या इंडियन ऑइलच्या डेपोतून शेजारच्या डेपोला पेट्रोल पाठवण्याची तयारी चालू होती. टाकीच्या नळीवरची हॅमर ब्लाइंड झडप पूर्ण बसलेली नसताना मागची झडप उघडली गेली आणि पेट्रोलचा फवारा वर उडाला. वाफेने कामावरचे लोक गुदमरले, वाचवायला गेलेलेही गुदमरले. नियंत्रण कक्षातून ती झडप बंद करता आली असती, तर पुढचे टळले असते. पण ती सोय चालू स्थितीत नव्हती. टाकीभोवतीच्या बांधातून पाणी बाहेर सोडण्याची झडपही उघडी होती, त्यामुळे पेट्रोल बांधाबाहेर पसरले. सव्वा तासाच्या आसपास ते वाहत राहिले. साडेसातच्या सुमारास वाफेच्या ढगाने पेट घेतला. डेपोतल्या सगळ्या ११ टाक्या जळाल्या, आग विझायला ११ दिवस लागले. ११ माणसे गेली, त्यांत डेपोच्या भिंतीबाहेरची माणसेही होती.

एम. बी. लाल समितीने त्याची चौकशी केली आणि तिचा अहवाल आज कुणालाही वाचता येतो. तो वाचताना काळजाला चटका लागतो. त्यात नोंदलेले बहुतेक दोष त्या संध्याकाळी जन्मलेले नव्हते. लेखी कार्यपद्धती नव्हती, दुरून गळती थांबवण्याची सोय नव्हती, धोक्याची पुरेशी समज नव्हती. हे सगळे आदल्या दिवशीही तसेच होते, आदल्या महिन्यातही तसेच होते. ज्यांची घरे आणि कारखाने शेजारी होते, त्यांना ते कळायला मात्र अकरा मृत्यू व्हावे लागले. तो अहवाल नंतर लोकांसमोर ठेवता येतो, मग आधीचा तपासणी अहवाल का ठेवता येत नाही?

इंग्लंडमध्ये ११ डिसेंबर २००५ रोजी बन्सफील्ड डेपोत असेच झाले. टाकीचा मापक अडकला, पातळी दाखवणे थांबले आणि पेट्रोल वरून ओसंडू लागले. अशा वेळी पुरवठा तोडण्यासाठी एक स्वतंत्र स्विच बसवलेला होता. त्याच्या चाचणीच्या दांड्याला एक लहानसे कुलूप लावणे गरजेचे होते, नाहीतर तो स्विच कामच करत नसे. ते कुलूप लावलेले नव्हते. रविवारची पहाट होती म्हणून कुणाचा जीव गेला नाही, पण ४३ माणसे जखमी झाली. तपासणी म्हणजे काय, ते या कुलपातून कळते. कुणीतरी जाऊन हात लावून बघायचे, नसेल तर लिहायचे आणि लिहिलेले दुसऱ्या कुणीतरी वाचायचे. शेवटची पायरी गळली, की आधीच्या दोन आपोआप ढिल्या पडतात.

महाराष्ट्राला अंतराचे मोलही ठाऊक आहे. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर, म्हणजे बुचर आयलंडवर, वीज पडून डिझेलची टाकी पेटली आणि ती आग विझवायला अग्निशमन दलाला काही दिवस झुंजावे लागले. तिथे मध्ये समुद्र होता. पानेवाडीत आणि वस्तीतल्या पंपांवर मध्ये फक्त एक भिंत असते.

आपल्या खात्याची अडचण मी जाणतो. पेट्रोलियमखेरीज स्फोटके, गॅस सिलिंडर, दाबाखालची भांडी, अमोनियम नायट्रेट, हे सारे आपल्याकडेच आहे. त्या मानाने अधिकारी फार तोकडे आहेत. प्रत्येक टाकीपाशी आपला माणूस दरवर्षी जाऊन उभा राहील, अशी अपेक्षा कुणी करू नये. म्हणूनच नियमांत ‘सक्षम व्यक्ती’ची तरतूद आहे, तिचे प्रमाणपत्र आपण ग्राह्य धरता. पण त्या सक्षम व्यक्तीला पैसे देतो ज्याची टाकी आहे तोच. बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करत असतील. तरीही ज्याच्याकडून मानधन घ्यायचे, त्याचाच दोष लिहायचा, ही रचना माणसाच्या सचोटीवर फार भार टाकते. हे प्रमाणपत्र सर्वांना दिसणार आहे, एवढे माहीत असले, तरी सही करणारा हात आणखी जपून चालेल.

या राज्यात तपासायला गेलेल्या माणसाने किती किंमत मोजली, हे आम्ही मनमाडकर विसरू शकत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी आमच्याच गावाजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. प्रश्न तेव्हा टाकीच्या गंजाचा नव्हता, भेसळीचा होता. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इंधनाच्या धंद्यात जे झाकलेले असते, ते उघड करण्याचे ओझे एकट्यादुकट्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. माहिती सर्वांपुढे असली, की ती दाबण्यासाठी एका माणसाला गाठून भागत नाही.

अमेरिकेने हा रस्ता आधी चालून पाहिला आहे. जमिनीखालच्या इंधन टाक्यांसाठी तिथे १९८४ मध्ये कायदा झाला. २००५ च्या कायद्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत्येक टाकीची निदान तीन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष जागेवर तपासणी झालीच पाहिजे, आणि गळत्यांची संख्या, त्यांची कारणे, नियमपालनाची स्थिती यांच्या नोंदी राज्यांनी लोकांसाठी खुल्या ठेवल्या पाहिजेत. नियम मोडणाऱ्या टाकीत इंधन टाकायलाच तिथे बंदी घालता येते. अनेक राज्यांत टाकीच्या तोंडाला लाल टॅग अडकवतात. तो दिसला, की टँकरवाला नळी जोडत नाही. शोधायला लागल्यापासून तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणांची सफाईही झाली. आपल्याकडे टाक्या त्याच पोलादाच्या, माती तितकीच ओली. गळती आपल्याकडे कमी आहे असे म्हणायचे असेल, तर आधी तितक्याच कसोशीने शोधावी लागेल.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप घातपाताचा. टाकीची माहिती जाहीर केली, तर ती वाईट हातांत पडेल, असे म्हणतील. मी टाकीचा नकाशा मागत नाही, झडपांची रचना मागत नाही. तपासणीची तारीख, निष्कर्ष आणि सुधारणेची मुदत मागतो. दुसरा आक्षेप लोक घाबरतील असा. पाण्याला वास येतो आणि कुणी काही सांगत नाही, तेव्हा लोक आताच घाबरलेले असतात. तारीख वाचून त्यांची भीती कमीच होईल. तिसरा आक्षेप पंपचालकांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मी त्यांच्यात काम केले आहे. बऱ्याच पंपांवर टाकी कंपनीची असते, पण बदनामी चालकाची होते. गळतीची शंका कळवली, तर विक्री बंद होईल, कामगार घरी बसतील, या भीतीने तो गप्प राहतो. म्हणून जो स्वतःहून कळवेल त्याला दंड नको, आणि टाकीच्या मालकाने दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत केलीच पाहिजे, असा नियम हवा.

यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. धोकादायक रसायनांच्या साठवणुकीबाबतच्या १९८९ च्या नियमांत, मोठ्या अपघाताची ज्यांना झळ बसू शकते त्या आसपासच्या लोकांना धोक्याची आणि खबरदारीची माहिती देणे बंधनकारक आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर सांगते, की सार्वजनिक प्राधिकरणाने कुणी मागण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी. परवान्यांचे काम आपण ऑनलाइन आणले, हे स्वागतार्ह आहे. त्याच पोर्टलवर आणखी काही रकाने वाढवायचे आहेत. माझ्या मागण्या अशा:

१. प्रत्येक परवानाधारक टाकीची शेवटची चाचणी, ती करणारी सक्षम व्यक्ती, निष्कर्ष आणि पुढची तारीख पोर्टलवर मराठीसह स्थानिक भाषांत दिसावी.

२. पंपावर दराच्या फलकाशेजारी हीच माहिती ठळक लिहावी आणि तक्रारीसाठी आपल्या विभागीय कार्यालयाचा क्रमांक द्यावा.

३. आग लागो वा न लागो, जमिनीत झालेली प्रत्येक गळती आपल्या खात्याला, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला कळवणे सक्तीचे करावे.

४. तपासणीची मुदत टळलेल्या किंवा दोष सुधारला नसलेल्या टाकीत इंधन उतरवण्यास मनाई करावी, आणि ती खूण टाकीच्या तोंडाशीच दिसावी.

५. जुन्या, एकपदरी टाक्यांची यादी करून त्या बदलण्याचे वेळापत्रक तेल कंपन्यांकडून घ्यावे आणि तेही जाहीर करावे.

यातली पहिली दोन कामे फार खर्चाची नाहीत. माहिती आपल्या फायलींत आहेच, ती बाहेर आणायची आहे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही माझे सांगणे आहे. आपल्या घराजवळ पंप असेल, तर तिथे जाऊन टाकी शेवटची कधी तपासली हे शांतपणे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर नागपूरला माहिती अधिकारात अर्ज करा. ते उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे.

महोदय, परवाना देण्याचा अधिकार जसा आपला आहे, तसेच त्या परवान्याच्या आधाराने शेजारी राहणाऱ्यांना निर्धास्त ठेवणे हे कर्तव्यही आपलेच आहे. येत्या पावसाळ्याआधी निदान पहिल्या दोन मागण्यांबाबत आदेश काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक माजी पंप व्यवस्थापक,
मनमाड, जि. नाशिक